येसाजी हवालदाराची डोली

पोशीर, ता. ५ सप्टेंबर १९२६
सकाळी सहा वाजता

चि. सौ. बायजा हीस येसाजीचा आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचे कारण, गावात डोली पथक उभे राहिले आहे. आपल्याकडे माणूस आजारी पडले की त्याला घोंगडीत घालून, घोंगडी बांबूला बांधून चार जण जमेल तसे नेरळ स्टेशनाकडे पळतात. कोण कधी खांदा बदलतो, कोण मध्येच बिडी ओढायला थांबतो, कशाला मेळ नसतो. हे मला पाहवेना. मी सहा गडी निवडले. गावातला धाकलू, आपल्या जनाचा नवरा वाल्मिक, वरच्या ठाकरवाडीतले धाऊ, पोशा आणि कमळ्या, आणि सहावा मी. चौघे दांड्याखाली, दोघे बदलीला. रोज सकाळी देवळामागच्या माळावर कवायत असते. पोटरीला गुंडाळायच्या माझ्या पलटणीतल्या जुन्या पायपट्ट्या सर्वांना वाटून दिल्या आहेत. माझ्या शिटीवर डोली उचलते आणि शिटीवरच थांबते. लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट, सहाही जणांची पावले एकदम पडतात. पलटण सोडून दहा वर्षे झाली, पण तो आवाज ऐकला की बरे वाटते.

परवा पहिली स्वारी झाली. देवळाशेजारच्या चंद्राबाईला ताप भरला होता. तिला दीड तासात स्टेशनात दाखल केले. लोक बांधावर उभे राहून पाहत होते.

आता मुख्य मुद्दा. जनाला पाचवा लागला. गेल्या साली बैलगाडीने तिला तुझ्याकडे आणताना वाटेत जे झाले, ते मी विसरलेलो नाही. गाडी मीच जुंपली होती. यंदा तुझी लेक गाडीत बसणार नाही. सातव्यात मी तिला डोलीतून आणीन. पोशीर ते नेरळ खांद्यावर, नेरळ ते कर्जत आगगाडी, कर्जत ते साजगाव पुन्हा खांद्यावर, थेट तुझ्या दारात. तिच्या पोटातले पाणी हलणार नाही. हा माझा शब्द समज.

येसाजी ठोंबरे
माजी हवालदार, पथकप्रमुख


साजगाव
गौरी जेवल्या त्या दिवशी

दादाला बायजाचा नमस्कार.

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. एकदा मनात आन् एकदा चुलीपाशी मोठ्यानं, घरात सगळ्यांनी ऐकावं म्हनून. तू तिकडं लढाईवर बसऱ्याला होतास तवा तुझी पत्रं मास्तर चावडीवर वाचायचा आन् माझ्या भावाचं दुखनंखुपनं मला सगळ्या गावासंगं ऐकाय लागायचं. त्याचाच राग येऊन मी अक्षरं शिकले. तवापासून तुझं पत्र मी कुनाच्या हातात देत नाय.

पर दादा, चंद्राबाई काय म्हनते ते तू लिवलं नाहीस. काल कासारीन बांगड्या भराय आली होती, ती नेरळवरनं आलेली. ती सांगत होती, तुमची डोली अशी झुलत होती की म्हातारीला दोनदा वांती झाली. नदीच्या उताराशी ती खाली उतरली आन् म्हनाली, तापानं मेले तरी चालंल, पर ह्यात नाय बसायची. आन् काठी टेकत तुमच्या म्होरं चालत ठेसनात गेली. मागनं रिकामी डोली खांद्यावर घेऊन तुमी सहा जन लेफ्ट-राइट. माझं हसून हसून पोट दुखलं. जाऊबाई म्हनाली, हिला गौर अंगात आली का काय.

तुझा रुबाब मला काय नवा हाय. हितं येतोस तवासुदिक वेशीवरच्या चिंचेखाली आधी थांबतोस, फेटा नीट करतोस, आन् मग येतोस कसा ताठ, जसा साहेबच आला तपासनीला.

हसले खरी, पर रात्री मला जना आठवली. तिचं गेल्या सालासारखं परत पोट पडलं तर पोर उभी नाय ऱ्हायची रं. आधीच ती कुनाच्या बारशाला जात नाय. तवा माझ्याशी खरं बोल. गोळी लागल्या पायानं तू नदीकाठानं दोन मैल चालत आलास, कुनाच्या खांद्याला हात लावला नाहीस, हे मी समद्या साजगावला सांगितलंय. असला मानूस बहिनीपासनं एक वांती कशाला लपवतो?

तुझी
बायजा


पोशीर, ता. २४ सप्टेंबर १९२६

चि. सौ. बायजा हीस आशीर्वाद.

कासारणीची बातमी सर्वस्वी खोटी नाही. वांती एकदाच झाली. चंद्राबाई मूळचीच हट्टी आहे, आणि स्टेशनात दाखल झाली हे तर खरे.

बिघाडाचे मूळ मी शोधून काढले आहे. ते धाऊ. गडी काटक, वाट पायाखालची, परंतु पाय जुळवत नाही. मी डावा म्हणतो तेव्हा त्याचा उजवा पडतो. एकदा, दोनदा, दहादा सांगितले. शेवटी माळावर सर्वांदेखत मला म्हणतो, "हवालदार, तुला कळत नाय. पाय जुळले का डोली झुलते. पाय चुकवायचे असतात." ठाकर मामलेदारालाही तू म्हणतात, त्याचे मला काही नाही. पण मी अठरा वर्षांचा असल्यापासून पावले जुळवत आलो. मला पावले चुकवायला शिकवणारा हा कोण? मी त्याला पथकातून काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तीन जोड पायपट्ट्या नीट गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्याच्यामागून पोशा आणि कमळ्याही गेले. चिंता नसावी. गावातून तीन गडी नवे घेतो.

जनाची तब्येत ठीक आहे. तिची सासू मोतीबाई तिला जड उचलू देत नाही. जना येताजाता माझ्या ओट्याशी थांबते आणि विचारते, "मामा, झाली का डोली तयार?" मी म्हणतो, झालीच.

येसाजी


साजगाव
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

दादाला नमस्कार, आन् सोनं घे.

तुझं पत्र वाचून मी गप बसले नाय. आपल्याला लढाईतलं कळत नाय, पर पान्याचं कळतं. मी जाऊबाईला म्हनलं, चल. मोठा हंडा भरला, त्याला दोर बांधून दांड्याला टांगला, दांड्याचं एक टोक तिच्या खांद्यावर, एक माझ्या. आधी तुझ्यासारखं केलं. डावा, उजवा, डावा, उजवा. इहिरीपासनं वडापातूर आलो तर हंडा असा झोके खाय लागला की दोघींची लुगडी भिजली. परत भरला. आता मी म्हनलं, तुझा डावा तवा माझा उजवा. दादा, दारापातूर आलो, थेंब सांडला नाय. बाया बघाय जमल्या. जाऊबाई म्हनते, हे तर आपन रोज असंच करतो, आपल्याला ठाऊक नव्हतं यवढंच.

तवा धाऊ खरा हाय आन् तू चुकलास.

आता नीट ऐक. सातवा कार्तिकात सरतो. आठव्यात पोटुशीला हलवत नाय, हे तुला सांगाय नको. हितली भागी सुईन जनाच्या येळेला माझ्यापाशी होती, तिच्या हाताखाली जनाचं झालं तर मला घोर नाय. पर जनाला मी तुझ्या डोलीत तवाच बसू देईन जवा दांड्याला धाऊचा खांदा आसंल. तू जा त्याच्याकडं. वाडीवर चढून जा आन् बोलाव. तुझ्या पट्ट्या, तुझी शिटी, तुझा पलटनीचा बिल्ला, सगळं मला कवतिकाचं हाय, पर माझी लेक त्याच्यापरीस मोठी हाय.

रागावू नकोस. रागावलास तरी जा.

बायजा


पोशीर, ता. २५ ऑक्टोबर १९२६

चि. सौ. बायजा हीस आशीर्वाद.

पत्र पोचले. हंडा आणि माणूस यांत फरक असतो.

ज्याला मी काढले त्याच्या दारात मी जाणार नाही. हवालदार हुकूम मागे घेत नाही. नव्या तिघांची कवायत चालू आहे.

येसाजी


साजगाव
भाऊबीज

दादा,

आज तू आला नाहीस. तुझी पलटनीतली वर्सं सोडली तर असं कधी झालं नाय. मी पाट मांडला, रांगोळी घातली, दुपार टळेपातूर वाट बघितली. मग तुझा पलटनीतला फोटो पाटावर ठेवला आन् त्याला ववाळलं. घरातले हसले. मी पन हसले, पर मला बरं नाय वाटलं.

तुझ्या त्या दोन ओळींच्या पत्राचा मला राग नाय आला. मला भ्या वाटलं. असं तुटक तू फकस्त एकदाच लिवलं होतंस, पाय जायबंदी झाला तवा, दवाखान्यातनं. "जखमी झालो, चालत आलो, काळजी नको." त्याच्या म्होरं दोन महिने कायच नाय.

मला वाटतं धाऊचं निमित्त हाय. तुझ्या मनात दुसरंच कायतरी हाय. मी धाकटी, मला नसंल कळत. पर मला सांगायचं आसंल तर मी मास्तर नव्हं, चावडीवर वाचनार नाय.

वाल्मिक आला होता, त्याच्या हाती करंज्या धाडल्यात. खा.

बायजा


पोशीर, ता. १४ नोव्हेंबर १९२६

बायजा,

करंज्या पोचल्या. सगळ्या मीच खाल्ल्या, कोणाला दिल्या नाहीत.

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडले. आता जसे येईल तसे लिहितो.

मी चालत आलो नव्हतो.

गोळी मांडीत लागली आणि मी पडलो. उन्हात पडून होतो. डोली उचलणारे आले, चौघे, हिंदुस्थानातले, पूरबेकडच्या मुलखातले असावेत. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. आम्ही शिपाई त्यांना हमाल म्हणायचो. त्यांनी मला कापडाच्या डोलीत घातले आणि नदीकाठाने निघाले, दोन मैल. मी हवालदार, आणि चार हमालांच्या खांद्यावर. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डोळे मिटून पडलो होतो. तेव्हा कानावर आले की त्यांची पावले जुळत नाहीत. मग जी लाज वाटत होती ती सगळी मी त्यांच्यावर काढली. बायजा, मी त्यांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. म्हटले, गाढवांनो, पाय मिळवा. मागच्या बाजूला एक म्हातारासा होता, तो म्हणाला, "हवालदारजी, पाय मिळवले तर तुम्ही हलाल आणि रक्त जाईल. तुम्ही शिव्या द्या, आम्ही असेच चालतो." आणि तसेच चालले. माझ्या पोटातले पाणी हलले नाही.

तंबूत ठेवून ते परत फिरले, दुसऱ्याला आणायला. मी नावही विचारले नाही. दोन दिवसांनी शुद्धीत आल्यावर चौकशी केली, तर त्या म्हाताऱ्याला त्याच संध्याकाळी नदीकाठी गोळी लागली होती. त्याला उचलायला कोणी पोचले नव्हते.

घरी लिहिले, चालत आलो. मग तेच खरे करून बसलो. दहा वर्षे तू सांगत आलीस आणि मी ऐकत आलो.

गेल्या साली जनाचे झाले तेव्हा मला तो म्हातारा आठवला. त्याचे थोडे तरी फेडावे म्हणून पथक काढले. आणि बघ, पथक काढले तेही त्याने सांगितलेलेच विसरून. माळावर धाऊ बोलला, तेव्हा त्या म्हाताऱ्याचेच ते बोलणे होते. म्हणून मला इतका राग आला. धाऊचा नव्हे.

काल वाडीवर गेलो. पट्ट्या बांधल्या नाहीत. धाऊ खळ्यावर वरी झोडत होता. मी म्हटले, धाऊ, माझे चुकले. तो म्हणाला, "बस, पानी पी." हातातली पेंढी झोडून संपवली. मग म्हणाला, "चालून दाखव." चढ चढून पाय दमला होता. माझा पाय दमला की लंगडतो, बायजा, हेही मी तुला कधी सांगितले नाही. कवायतीत जोराने आपटून मी तो सरळ पाडतो. काल आपटायला जोर नव्हता. त्याच्यासमोर लंगडत खळ्याला एक फेरी घातली. तो हसायला लागला. म्हणाला, "आरं, तुझा पाय तर आपसूक चुकतोय. बाकीच्यांना शिकवाय लागतं. मंग मारून मारून त्याला सरळ कशाला करतोस?"

पोशा आणि कमळ्यालाही त्याने हाक मारली. तिघे येणार आहेत. अट एकच, शिटी वाजवायची नाही. म्हणाला, पाखरं उडतात. पुढे धाऊ राहील, हुकूम त्याचा. मी मागे डावीकडे.

तुझ्या मनात नसेल तर जनाला आणणार नाही. आणि साजगावात आता काय सांगायचे ते तूच ठरव.

येसाजी


साजगाव
सोमवार, पत्र आलं त्याच दिवशी

दादा,

पत्र वाचलं. मनातच वाचलं. चुलीपाशी नाय वाचलं.

जनाला घेऊन ये.

बायजा


साजगाव
माघ महिना, जना बाळंत होऊन बारा दिवस झाले त्या दिवशी

दादाला बायजाचा नमस्कार. आज मोठं पत्र लिवते, पोरगी निजलीय आन् तिची आयबी निजलीय.

पोरगी चांगली हाय. वाल्मिकनं सांगितलंच आसंल, तरी मी सांगते. नाक मोतीबाईवर गेलंय, आवाज तुझ्यावर. भूक लागली की आळीत कुनाला झोपू देत नाय. भागी सुईन म्हनाली, असं सोपं बाळंतपन ह्या सालात झालं नाय. जना तिला मांडीवरनं खाली ठेवत नाय. बाळंत व्हायच्या आधी शेजारी बारसं होतं, तिथंबी आपनहून गेली, पाळन्याला हात लावून आली. मी मागं उभी राहून डोळं पुसले.

तू जनाला पोचवलंस आन् दुसऱ्या दिशीच माघारी गेलास, भात झोडायचं हाय म्हनून. तुला सांगायचं ऱ्हायलं ते आता सांगते.

त्या दिशी हितल्या कार्तिकी जत्रेला सुरुवात होती. सगळी वाट सुक्या बोंबलाच्या पाट्या घेतलेल्या बायांनी आन् गाड्यांनी भरलेली. मी सकाळपासनं वेशीवर उभी. तीन वाजता तुमी वळनावर दिसलात. म्होरं धाऊ, तोंडातल्या तोंडात कायतरी गुनगुनत, आन् बाकीचे त्याच्या मागं. शिटी नाय, लेफ्ट-राइट नाय. मला आधी पाय दिसले. आठ पाय, एकाचं एकाशी जुळत नव्हतं. आन् वर दांडा बघितला तर तो देवळाच्या तुळईवानी सरळ. जवळ आलात तर जना झोपलेली. तोंड उघडं टाकून, ल्हानपनी झोपायची तशी. यवढ्या जत्रेच्या गलक्यात ती झोपली होती, दादा. गेल्या साली त्याच वाटेवर ती कशी आली होती ते मी बघितलंय.

माझ्याशेजारी कुंभिवलीची एक बाई उभी होती, पाटीवाली. तिनं इचारलं, बाय, तुझा हवालदार भाऊ म्हनत होतीस, गोळी लागून चालत आला तो, तो ह्यातला कंचा? मी म्हनलं, चालत नव्हता आला. चार जनांनी त्याला असंच खांद्यावर आनलं होतं, म्हनून तर तो हाय. आन् तो बघ, मागं डावीकडं लंगडतोय ना, तोच माझा दादा. हे मी मोठ्यानं बोलले. आता सगळ्यांना असंच सांगते. तुला वाईट वाटलं तर वाटू दे, पर मला लई बरं वाटलं.

आन् एक. तुझा पाय लंगडतो हे मला दहा वर्सं ठाऊक हाय. वेशीवरच्या चिंचेखाली तू फेटा नीट कराय थांबत नव्हतास. वाकून मांडी दाबायचास, पाय दोनदा आपटायचास, आन् मग ताठ यायचास. माझ्या दारातनं ती चिंच दिसते रं. दर खेपेला मी बघायची आन् आत जायची, तुला पानी आनाय गेल्यासारखी. मला वाटायचं, दादाला नको आसंल तर आपन बघितलं नाय.

बारसं पुढल्या गुरुवारी हाय. धाऊला, पोशाला, कमळ्याला घेऊन ये, सगळ्यांचं जेवन हितंच. पोरीचं नाव धाऊनं ठेवायचं असं जनानं ठरवलंय, तवा त्याला आधीच सांगून ठेव, नायतर ऐन येळेला लाजंल.

आन् येशील तवा त्या दिशी आलास तसाच ये. त्या दिशी तू चिंचेखाली थांबला नाहीस. लंगडत सरळ माझ्या दारापातूर आलास.

तुझी
बायजा